कॅमेऱ्याच्या शेजारी

“जपमाळ ओढल्यासारखं वाचू नकोस, बर्निस. माझ्याकडं बघून बोल.”

माझ्या नवऱ्याचा, एमेटचा हा आवाज माझ्या कानात कायमचा बसला आहे. चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून मी बरबँकच्या आमच्या घरी परतायची, तेव्हा तो स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसलेला असे. टेबलावर त्या दिवसाच्या सिनेमातल्या कामाचे संवाद. समोरच्याचं बोलणं मी वाचायचं, उत्तर त्यानं द्यायचं. कधी मी बँक लुटणारी, कधी पळून जाणारी बायको. संसार असाच झाला.

तो शेरीफ झाला, न्यायाधीश झाला, गुत्त्यात दारू ओतणारा झाला. बहुतेक सिनेमांत निम्म्यातच मरायचा. चेहरा साऱ्या देशाला ठाऊक, नाव कोणालाच नाही. आमचा खाटीक मान वाकडी करून म्हणायचा, “तुम्हाला कुठंतरी पाहिलंय बुवा. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात होतात का?”

“नाही. तुमच्या मेव्हण्याला मी फासावर चढवलं होतं,” एमेट शांतपणे सांगायचा.

चर्चला मात्र तो येत नसे. “मला इतक्यांदा गोळी लागलीय, तुझा देव मला दारातच ओळखेल,” म्हणायचा. मी त्याच्या वाटणीचीही प्रार्थना करून घ्यायची.

मग एकदा तो चष्मा विसरला, म्हणून मी स्टुडिओत गेले. दोघांचं बोलणं असलं की आधी एकाचा चेहरा टिपतात, मग कॅमेरा फिरवून दुसऱ्याचा. ज्याचं टिपून झालं, तो सुटला. मोठे नट निघून जातात आणि त्यांची वाक्यं कोणीतरी कागदावरून भराभर वाचतं. समोरच्यानं त्या कोरड्या आवाजाकडं बघून रडायचं. एमेटचं टिपून झालं होतं, तोंडाचा रंगसुद्धा पुसला होता. तरी तो कॅमेऱ्याला खांदा लावून उभा होता आणि समोरच्या नवख्या नटासाठी पुन्हा पहिल्यापासून मोडून पडत होता. गालांवरून पाणी, आवाज फाटलेला. कॅमेरा पलीकडं बघत होता. हे कधीच कोणाला दिसणार नव्हतं.

वेदीसमोर माझं जसं होतं तसं झालं. चष्मा हातातच राहिला.

पुढं म्हातारपणी त्याला बापाचं काम मिळालं. स्टेशनवर मुलीचा कायमचा निरोप घेणारा बाप. मुलीचं काम करत होती कॉरीन. तिचा पहिलाच सिनेमा. शुक्रवारी एमेटचा चेहरा टिपून झाला आणि उजेड गेला. तिचा सोमवारवर राहिला.

पोर घाबरली. “सोमवारी ते तुम्हाला बोलावणारच नाहीत.”

“न बोलावता येईन. मेलो तरी येईन. मरायची मला सवय आहे.”

रविवारी दुपारी तो अंगणात लिंबाच्या झाडाखाली कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

इस्पितळात डाव्या हातानं तो चादरीवर सारखा थापटत राहिला. पाणी दिलं, नको. उशी सारली, नको. मला वाटलं, अखेर देव आठवला. मी फादर क्विलनना बोलावून घेतलं. ते मरणाऱ्याच्या कपाळी लावायचं पवित्र तेल घेऊन आले, तर भलत्याच सिनेमातला नट इथं कसा घुसला, अशा नजरेनं एमेटनं त्यांच्याकडं पाहिलं.

“बर्निस,” फादर हळूच म्हणाले, “याला मी नकोय बहुतेक.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वाकून स्टेशनवरच्या त्या मुलीचं पहिलं वाक्य म्हटलं, “बाबा, गाडी किती वाजताची आहे?”

हात थांबला. त्याच्या ओठांचा एकच कोपरा हलू लागला. आवाज नव्हता, पण बापाचं एकेक वाक्य जागच्या जागी होतं, जिथं थांबायचं तिथं तो थांबत होता. शेवटपर्यंत. फादर भिंतीशी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“कॉरीनला शब्द दिलायस ना?”

त्यानं डोळे मिटून उघडले.

“मी जाईन.”

दिग्दर्शकाच्या मदतनिसाला मी फोन केला. तो कळवळून म्हणाला, “मिसेस डुडेक, अशा वेळी कशाला त्रास घेता? आमच्यातलं कोणीतरी वाचेल की.”

“मी वाचायला नाही, उभी राहायला येतेय.”

“पण तुम्ही कधी कॅमेऱ्यापाशी काम केलंय का?”

“नाही. एमेटच्या समोर बसलेय.”

मग तो म्हणाला, “सातला दार उघडतं. तुमचं नाव सांगून ठेवतो.”

सोमवारी उजाडताना माझी बहीण त्याच्यापाशी येऊन बसली. मी घरी येऊन तोंड धुतलं, केस बांधले, करडा झगा घातला. निघता निघता ध्यानात आलं, एमेट माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच. पोरीची नजर त्या उंचीवर ठरलेली. ती खाली घसरली, तर पडद्यावर कळेल.

फडताळातले वरचे डबे काढायला एक बुटकं लाकडी स्टूल होतं. मी ते ओल्या फडक्यानं पुसलं, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं, आणि बापाची वाक्यं पुटपुटत गाडी रस्त्यावर घेतली.