लोकर सुटली तेव्हा

मी एक जुनी तांब्याची घंटा आहे, मित्रांनो. पराक्रमाची गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आधीच सांगते, माझ्या वाट्याला पराक्रम थोडा आणि लाज फार आली.

अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मेंदोसा गावच्या एका तांबटाने फुटक्या कढईतून मला घडवलं. निकानोर विदेला या खेचरवाल्याने मला आपल्या करड्या घोडीच्या गळ्यात बांधलं. आमच्याकडे खेचरांचा तांडा माणसामागे चालत नाही, घंटेच्या घोडीमागे चालतो. ती थांबली की चाळीस खेचरं थांबतात, ती वळली की वळतात. घोडी दिसली नाही तरी माझा आवाज त्यांना पुरतो.

स्पेनच्या राजाविरुद्ध लढाई पेटली आणि आमचा तांडा फौजेबरोबर अँडीज ओलांडायला निघाला. विरळ हवेत शिपाई कांदा-लसूण चावत धापा टाकत होते. वाट हातभर, शेजारी दरी, त्यात धुकं. तरी माझ्या आवाजामागे पाऊल टाकत आमची सगळी खेचरं दारूगोळ्यासकट पलीकडे चिलीत उतरली. चाकाबुकोची लढाई आपल्या लोकांनी जिंकली. मग येताजाता शिपाई मला टिचकी मारून म्हणायचे, "बाई गं, तू नसतीस तर काय दगडांनी लढलो असतो?" मी फुशारले. खरं सांगते, नको इतकी फुशारले.

वर्षभराने कांचा रायादाच्या माळावर तळ पडला. शत्रू शेजारच्याच गावात होता. दिवस कलला होता. तळ हलवायचा हुकूम आल्यामुळे खेचरांवर काडतुसांच्या पेट्या लादून झाल्या होत्या. निकानोरच्या थोरल्या बहिणीचा नवरा फेर्मिन तांड्याबरोबरच असायचा. तो म्हणाला, "निकानोर, घंटा काढून पोत्यात टाक बरं. वाजली तर शत्रूला कळेल."

"दाजी, घंटा काढली की खेचरं बिथरतात. आमच्या आज्यापासून कुणी काढली नाही. लोकर कोंबलीय की आत."

"ही लोकर? कानात घालायलाही पुरणार नाही!"

"ताईला भिता ते समजू शकतो. आता घंटेलाही भ्यायला लागलात होय?"

सगळे हसले. फेर्मिनही हसला आणि पुन्हा कामाला लागला.

तेवढ्यात शत्रूने हल्ला केला. गोळ्यांच्या आवाजाने घोडी उधळली आणि पहिल्याच उडीला माझ्यातली लोकर सुटली. मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला! दोन दिवस कोंडलेला आवाज मोकळा झाला म्हणून. मी जीव तोडून वाजले. भेदरलेली घोडी थेट शत्रूच्या दिशेने धावत सुटली आणि आमची गुणी खेचरं, पाठीवर सगळा दारूगोळा घेऊन, एकही न चुकता माझ्यामागे आली.

फेर्मिन धावत आला. एका हाताने त्याने घोडीचा दोर धरला, दुसऱ्याने माझा लोलक मुठीत आवळला. मी गप्प झाले. खेचरं थबकली. मग त्याला गोळी लागली, मूठ सुटली आणि मी पुन्हा वाजू लागले. घोडी आणि मागचा सगळा तांडा शत्रूच्या हाती लागला.

त्या काडतुसांचं काय झालं, ते मी पाहिलं. अडीच आठवड्यांनी माइपूच्या मैदानावर शत्रूने त्या पेट्या उघडल्या आणि आपल्याच माणसांवर रिकाम्या केल्या. आपले लोक तरीही जिंकले. लुटीत निकानोरला घोडी सापडली आणि मीही. वाटलं, आता हा मला दगडाने ठेचणार. त्याने मला बाहीने पुसलं आणि तो हमसून रडला.

मेंदोसात बातमी आधीच पोचली होती. ताई दारातच उभी होती. "कसे गेले रे ते?"

निकानोरने मान वर केली नाही. "माइपूला, ताई. जिंकलो त्याच दिवशी. छातीवर गोळी घेतली."

ताईने मला हातात घेतलं. "शेवटी तू होतीस ना गं त्यांच्याजवळ," म्हणत तिने माझा मुका घेतला. आणि मी निर्लज्ज, तिच्या हातातही वाजले.

तिने मला दारावर टांगलं. येणारेजाणारे विजयाची घंटा म्हणून मला हात लावून जात आणि प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मित्रांनो, तुमच्यामागे कुणी डोळे मिटून येत असेल, तर आपण कुठे धावतोय ते आधी बघा. मला घासूनपुसून लखलखीत ठेवू नका. फक्त एवढं करा. ताईच्या घरचं कुणी भेटलं, तर त्यांना खरं सांगा. फेर्मिन माइपूला नाही गेला. तो कांचा रायादाला गेला, मला गप्प करताना.