कोपऱ्यातली दोरी

"मान्या, हात दे!" आकाराम ओरडला, पण त्याचं तोंड इराणच्या वाघाच्या काखेत असल्यामुळं शब्द तिथल्या तिथंच जिरले.

सांगलीला नदीकाठच्या पटांगणात त्या दुपारी माणूस मावत नव्हता. झाडांवर माणसं, झाडांवरच्या माणसांच्या खांद्यांवर माणसं. एका कडुलिंबावर एवढी लोंबकळली होती, की पुढं दोन वर्षं त्या झाडाला फांद्या खालच्या बाजूलाच फुटत होत्या. मधोमध लाकडी चौथरा, त्याला चारी बाजूंनी दोर आणि त्यावर चार पैलवान. दोघं आत झुंजणारे, दोघं आपापल्या कोपऱ्यात दोरांबाहेर उभे.

ही जोडकुस्ती आणली लालासाहेबांनी. पलटणीत हवालदार होते. लढाईत मिसर देशात गोऱ्यांची असली कुस्ती बघितली आणि परत आल्या आल्या कंपनी काढली. कायदा सोपा होता. कोपऱ्यातल्या खांबाला दोन हात लांबीची दोरी बांधलेली असायची. बाहेरच्या गड्यानं ती एका हातात धरायची आणि दुसरा हात आत लांब करायचा. आतला गडी दमला की त्यानं त्या हाताला हात लावायचा. मग हा आत, तो बाहेर. पाठ टेकून तीन मोजले की तो गडी बाद; त्याच्या जोडीदारानं एकट्यानं पुढं लढायचं. दोरी सोडून हात दिला तर तो मोजायचा नाही.

बाकी सगळं मात्र आदल्या दिवशी ठरायचं. कोण कुणाला उचलणार, कोण कुठल्या मिनिटाला कळवळणार, सगळं. इराणचा वाघ म्हणजे माधवनगरच्या गिरणीत गठ्ठे उचलणारा नाथाजी. दाढी तेवढी खरी होती. आपटता आपटता कानात विचारायचा, "दादा, लागलं न्हाई न्हवं?"

आकाराम आणि मानसिंग दोघं मलकापूरचे, एका तालमीतले. आकाराम पहाटे जोर काढायला लागला की नदीपल्याडच्या गावात फळीवरची भांडी वाजायची. हे तिथल्या बायकाच सांगत; आणि बायका भांड्यांच्या बाबतीत खोटं कशाला बोलतील? मानसिंग अंगानं हलका, पण देखणा. तो नुसता दोरावर चढला तरी टाळ्या पडत. आकाराम मार खायचा, मानसिंग शेवटी उडी घेऊन फत्ते करायचा. तीन वर्षं हेच चाललं होतं आणि आकारामला त्याचं काही वाटलं नव्हतं. मार खोटा, फत्ते खोटी. पण दोरी धरून पुढं केलेला मान्याचा हात तेवढा खरा, अशी त्याची आपली समजूत.

कंपनीत जायच्या आधी दोघं वस्ताद नानासोंच्या पाया पडायला गेले होते.  म्हातारा म्हणाला, "जावा. पोट हाय, प्वारं हायती. परमुलखात काय नाटक करायचं ती करा. पर किष्णाकाठाला, आपली मानसं बघत आसताना, लटकी पाठ लावायची न्हाई. हितल्या मातीनं तुमाला वळखलंय."

"न्हाई लावत, वस्ताद," दोघं एका आवाजात बोलले आणि दोघांनी तालमीच्या हौद्यातली माती कपाळाला लावली. म्हणून सांगलीचा खेळ ठरला तेव्हा आकाराम आधी लालासाहेबांकडं गेला. लालासाहेब मिशीला पीळ देत म्हणाले, "आरं, तुमचा मुलूख, तुमचीच फत्ते. जा, निवांत झोप."

आता नाथाजीच्या काखेतून डोकं सोडवून घेत आकारामनं कोपऱ्याकडं बघितलं. मानसिंग उभा होता. डाव्या हातात दोरी, उजवा हात पुढं. सगळं जागच्या जागी. आकाराम ठरल्याप्रमाणं गुडघ्यावर आला, ठरल्याप्रमाणं कळवळला, पालथा पडून सरपटत निघाला. लोक बोंबलत होते, "हात लाव! आकारामा, हात लाव!"

वीतभर अंतर राहिलं. मागून नाथाजीनं कंबर धरून त्याला उताणा केला आणि कानाशी पुटपुटला, "दादा, माफ कर गड्या. आज सायबानं बदाललंय."

"काय बदाललंय?"

नाथाजी छातीवर बसला.

आकारामनं मान उलटी करून कोपऱ्याकडं बघितलं. मानसिंगनं दोरी सोडली होती. दोन्ही हात कमरेवर ठेवून तो लोकांकडं बघत होता.

आता खरं सांगायचं तर नाथाजीसारखे तीन नाथाजी एकावर एक बसले असते तरी आकारामनं मानेवर अंग तोलून त्यांना सांगलीपार टाकलं असतं. त्याला दोन्ही हात जमिनीला टेकायला हवे होते, एवढंच. पण त्याचा उजवा हात तसाच कोपऱ्याकडं ताणलेला होता. मान्यानं दोरी चुकून सोडली असेल. आता धरेल. आता.

पंचानं चौथऱ्यावर थाप मारली. एक. दोन. आकारामनं हात मागं घेतला नाही. तीन.

पटांगण एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत मानसिंगनं दोरावरून उडी घेतली, शड्डू ठोकला, नाथाजीला उचलून आपटलं, त्याच्या जोडीदाराला त्याच्यावर आपटलं. लोक वेडे झाले. मानसिंगला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. दोरांखाली आडव्या पडलेल्या माणसाला ओलांडूनच निघाली.

तंबूत आकाराम बाकड्यावर बसला होता. मानसिंग गळ्यातले हार काढत आत आला.

"आक्या, रागावलास व्हय?"

"दोरी का सोडलीस?"

"आरं, ममईला मोठा खेळ हाय. सायेब म्हनलं, तितं एकटाच मानूस पायजे. जोडी लोकांच्या समोर मोडाया पायजे, म्हंजी गाजंल. खेळच हाय ह्यो, गड्या. तुला काय ठावं न्हाई?"

"मला आदी सांगायचं हुतंस."

मानसिंगनं हार खुंटीला अडकवला. "सांगितलं आसतं तर तू पडला आसतास का?"

आकाराम उठला. बाहेर चौथरा मोडायचं काम चालू होतं. त्यानं आपल्या कोपऱ्यातल्या खांबाची दोरी सोडली, घडी करून खिशात घातली आणि गाडी धरली.

घरी बायकोनं, रंगूबाईनं, दोरी उलटसुलट करून बघितली. गोठ्यात नेऊन रेडकाला बांधून बघितली. गाठ मारली की दोरी संपायची.

"लय तोकडी हाय की वो ही. कशाला आनलीसा?"

आकारामनं दोरी तिच्या हातातून घेतली आणि परत खिशात घातली.

आठ दिवस तो घराबाहेर पडला नाही. नवव्या दिवशी पहाटे तालमीत गेला. नानासो उंबऱ्यावर बसले होते. एव्हाना त्यांची नजर पार गेली होती. पावलावरून माणूस ओळखायचे.

"आक्या, लय दिसांनी आलास रं."

"व्हय, वस्ताद."

"सांगलीत पाठ लागली म्हनं तुजी."

"लागली."

म्हातारा थोडा पुढं झुकला. "खरी का लटकी?"

एका शब्दात मानसिंगचं नाव मातीत गेलं असतं. लटकी म्हटलं असतं तर म्हाताऱ्यानं विचारलं असतं, कुणी ठरवली? आकाराम हौद्याकडं बघत राहिला. तीन वर्षं गावोगाव आपटलेलं अंग त्यानं मनातल्या मनात चाचपून बघितलं. एवढं कुठंच दुखलं नव्हतं.

"खरी, वस्ताद," तो म्हणाला. "तेवढीच खरी."

"मंग लाज कसली?" नानासो म्हणाले. "चल, माती उकरायची हाय."

दारातून हौद्यात उतरायला दोन पायऱ्या होत्या आणि त्या म्हाताऱ्याला आताशा सापडत नसत. आकारामनं खिशातून दोरी काढली, दाराच्या खुंटीला गाठ मारली. उरली ती बरोबर दोन पायऱ्यांपुरती. तिचं टोक त्यानं नानासोंच्या मुठीत दिलं आणि स्वतः खाली उतरून हात पुढं केला.

"दोरी सोडू नगा, वस्ताद," तो म्हणाला. "आदी माजा हात धरा. मंग सोडा."

म्हाताऱ्याचा पाय हवेत पायरी शोधत होता. आकाराम हात पुढं करून उभा राहिला.