तीस गाड्यांचं वाण

श्यामसुंदर वालावलकरांच्या पंतनगरच्या घरात खोल्या दोन आणि राज्यंही दोन. आतल्या खोलीत क्षमाचं, बाहेरच्या खोलीत गाड्यांचं. गाड्या म्हणजे काडेपेटीत मावतील एवढ्या. लाल डबलडेकर, दुधाचा टेम्पो, रस्ता दाबायचा रोलर, दारं उघडणारी निळी मोटार, अशा मोजून तीस. काचेच्या कपाटात त्या रांगेने उभ्या असत आणि विमा कंपनीतला हा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ रोज संध्याकाळी चहा घ्यायच्या आधी त्यांची हजेरी घेई. कुणाचं पोर कपाटाजवळ गेलं की श्यामसुंदर ठरलेलं वाक्य म्हणत, "हात लावायचा नाही हं. काचेतून बघायचं."

"माझ्या सवती," असं क्षमा आल्यागेल्याला सांगायची. "एक नाही, तीस! आणि एकीचाही स्वयंपाकात उपयोग नाही." पण दर रविवारी त्या गाड्या पुसायच्या कुणी, तर तिनेच. श्यामसुंदरांच्या मते आपण पुसलं तर धूळ राहते. असले नवरे देवाने खास नमुन्यादाखल पाठवलेले असतात.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत या नमुन्याला मुलुंडच्या एका छंदी मंडळाचं पत्र आलं. रथसप्तमीनंतरच्या रविवारी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन होतं आणि त्यात त्यांना एक टेबल मिळालं होतं. अटी दोन. गाड्या किमान तीस हव्यात आणि सगळ्या एकाच मापाच्या हव्यात. श्यामसुंदरांनी पत्र चारदा वाचलं. अठरा वर्षं लोक त्यांना 'अजून खेळतोस का रे?' म्हणून हसत आले होते. खेळ नाही, छंद आहे, हे सांगणारं हे पहिलं टेबल होतं आणि ते त्यांना जिवापाड हवं होतं.

त्याच आठवड्यात क्षमाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. तीसेक बायका येणार, म्हणजे बाहेरची खोली मोकळी करायलाच हवी. श्यामसुंदरांनी एकेक गाडी कापसात ठेवली, पांढऱ्या कागदात गुंडाळली, वर लाल दोरा बांधला आणि सगळ्या पुड्या साबणाच्या खोक्यात भरून खोकं पलंगाखाली सारलं. तिथेच शेजारी तसलंच दुसरं खोकं होतं. त्यात क्षमाने वाणासाठी आणलेले कुंकवाचे करंडे होते, जुन्या वर्तमानपत्रात कसेबसे गुंडाळलेले. मग बायकांच्या गर्दीत पुरुषमाणूस नको म्हणून श्यामसुंदर एका मित्राकडे जाऊन बसले.

वाण द्यायचं काम सुगंधाआत्यांकडे होतं. श्यामसुंदरांच्या या आत्या मालवणाहून महिनाभरासाठी आल्या होत्या. क्षमा कुंकू लावी, तिळगूळ देई, अत्तर लावी, आणि पुढे आत्या प्रत्येकीच्या पदरात एकेक पुडी टाकत. वाण तिथल्या तिथे सोडून बघायची रीत नाही. बायका पदर सावरत, हसत हसत आपापल्या घरी गेल्या.

संध्याकाळी श्यामसुंदर बटाटेवडे घेऊन परतले आणि हजेरी घ्यायला पलंगाखाली वाकले. खोक्यात करंडे. दुसरं खोकं ओढलं, तर ते रिकामं.

"आत्या," त्यांनी वाकूनच विचारलं, "वाण कुठल्या खोक्यातलं दिलंस?"

"ह्या," रिकाम्या खोक्याकडे बोट दाखवत आत्या शांतपणे म्हणाल्या. "त्या दुसऱ्यात सगळो पेपराचो बोळो. ह्यो कसो बरो बांधलेलो हुतो, म्हणान ह्योच घेतलंय."

नीटनेटकेपणा अंगाशी येतो म्हणतात तो असा. श्यामसुंदरांच्या तोंडचं पाणी पळालं. बटाटेवडे तिथेच टाकून ते पायात चपला सरकवू लागले.

"खंय चललंस?" आत्यांनी विचारलं.

"आणायला! घरोघर जाऊन सांगतो, चुकून दिल्या म्हणून."

"वाण परत मागूक? येडो झालंस काय? बायलमाणसां काय म्हणतली?"

क्षमाही दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता, पण ती ठाम होती. "अहो, सवाष्णीच्या पदरात टाकलेलं वाण कुणी परत मागतं का? अपशकुन म्हणतील. पुन्हा या घरात एक बाई पाऊल टाकणार नाही." मग हळूच म्हणाली, "माझं चुकलं. मी बघायला हवं होतं."

चपला पायातच राहिल्या. रिकाम्या कपाटासमोर बसलेल्या नवऱ्याला बघून क्षमाला भडभडून आलं. एवढी वर्षं सवती सवती म्हणून चिडवलं, आणि आता त्या गेल्या तर घर खायला उठलं होतं.

इकडे इमारतीत भलतीच हवा पसरली. वाणात गाडी म्हणजे काय? प्लास्टिकच्या डब्या झाल्या, चमचे झाले, गाडी कुणी ऐकली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या रतनवहिनींनी अर्थ लावला, "म्हणजे वर्षात दारात वाहन येणार!" आणि बाकीच्यांनी तो मानला. गाड्या देव्हाऱ्यात गेल्या. टपांवर हळदीकुंकू लागलं.

त्यातून कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. खालच्या प्रेमाच्या नवऱ्याने आठ वर्षांपूर्वी स्कूटरला नंबर लावला होता. वाणानंतर चौथ्या दिवशी त्याचं पत्र आलं, स्कूटर लागली! प्रेमाच्या वाट्याला लाल डबलडेकर आली होती. झालं. आता बायकांनी परत देणं राहू द्या, हळदीकुंकवाला न आलेल्या दोघी क्षमाकडे येऊन विचारून गेल्या, "आमचं वाण राहिलंय ना गं?"

श्यामसुंदरांनी मंडळाला पोस्टकार्ड लिहिलं, 'काही घरगुती अडचणीमुळे टेबल घेता येत नाही, क्षमस्व.' लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. रोज ऑफिसला जाताना टपालपेटीसमोर थांबत आणि रोज तसेच पुढे जात. क्षमाने सदरा धुवायला घेतला तेव्हा ते तिच्या हाती लागलं. तिने ते परत खिशात ठेवलं आणि साडी बदलून शेजारच्या कुंदाच्या हळदीकुंकवाला गेली.

तिथे कुंदाने कौतुकाने विचारलं, "क्षमा, यंदाचं तुझं वाण झकास हं! कुठून आणलंस गं?"

क्षमा बोलायला गेली आणि रडूच कोसळलं. मग तिने सगळं सांगून टाकलं. खोकी, आत्या, टेबल, खिशातलं पोस्टकार्ड, सगळं. "मी परत मागत नाहीये," डोळे पुसत ती म्हणाली. "फक्त तुम्हांला ठाऊक असावं. ते रोज रिकामं कपाट पुसतात गं. त्यांना पुसता पण येत नाही."

वाण परत द्यायची रीत नाही, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवटी रतनवहिनी खेकसल्या, "रडतेस काय? परत कोण देतंय? रथसप्तमीला हळदीकुंकू माझ्याकडे आहे ना? तुला वाण द्यायचं का नाही द्यायचं? आणि मी काय द्यायचं ते तू ठरवणार का?"

रथसप्तमीला रतनवहिनींच्या दारात रांगोळीचा सूर्याचा रथ होता. खोलीभर बायका बसल्या होत्या आणि एकेक जण उठून क्षमाला कुंकू लावून तिच्या पदरात पुडी टाकत होती. कुणी हातरुमालात गुंडाळलेली, कुणी पोराच्या वहीच्या कागदात. पदर जड होत गेला तशी क्षमा हसत होती आणि रडतही होती.

प्रेमा सर्वांत शेवटी आली. हातात वाटी होती, तिळगुळाची. "रागावू नकोस गं," ती खाली मान घालून म्हणाली. "स्कूटर अजून घरी यायची आहे. आठ वर्षं वाट बघितलीय. ह्यांना देव्हाऱ्यातून बस काढायचा धीरच होत नाही."

"असू दे," क्षमा म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. आठ वर्षं म्हणजे काय, ते अठरा वर्षंवाल्याच्या बायकोला कळत होतं.

घरी श्यामसुंदरांनी एकेक पुडी सोडली. रोलरच्या चाकात तीळ अडकले होते, निळ्या मोटारीच्या टपावर कुंकवाचं बोट उठलं होतं. एकोणतीस भरल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. एकोणतीसच.

"आत्ता आले," म्हणून क्षमा बाहेर पडली ती स्टेशनाजवळच्या बाजारातून तासाभराने परतली. पिशवीतून तिने एक टॅक्सी काढली. काळी-पिवळी, पत्र्याची, चावीची, अंघोळीच्या साबणाएवढी.

"ही तिसावी. हे माझं वाण तुम्हांला," ती म्हणाली. "इतकी वर्षं पुसतेय. सगळ्या परदेशच्या, आपली टॅक्सी एकही नाही."

श्यामसुंदरांनी टॅक्सी हातात घेतली. माप चुकलं होतं, हे त्यांना क्षणात दिसलं. लहान मुलालाही दिसलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा गाड्यांच्या बाबतीत ते मापाबद्दल बोलले नाहीत. खिशातलं पोस्टकार्ड काढून त्यांनी चार तुकडे केले.

रविवारी मुलुंडच्या सभागृहात मंडळाचे चिटणीस अनंत कर्णिक चष्मा नाकावर ओढत टेबलाशी आले. त्यांनी गाड्या मोजल्या आणि बोट सगळ्यांत मागे ठेवलेल्या टॅक्सीवर थांबलं. "वालावलकर, ही मापात नाही. बाकीच्या एकोणतीसच होतात. आणि टपांवर हे डाग कसले?"

"कुंकू आहे," श्यामसुंदर म्हणाले. "पुसणार नाही."

"ठीक आहे. पण ही टॅक्सी खाली ठेवा."

"ती बायकोने वाण म्हणून दिलीय. वाण परत करता येत नाही आणि बाजूलाही सारता येत नाही. टेबल काढून घ्यायचं तर घ्या." अठरा वर्षं वाट पाहिलेलं टेबल त्यांनी असं एका वाक्यात सोडून दिलं, आणि आपलं आपल्यालाच नवल वाटून शेजारी उभ्या क्षमाकडे पाहिलं.

कर्णिकांनी टॅक्सी उचलली. उलटून बघितली, चावी दिली आणि टेबलावर सोडली. टॅक्सी खडखडत एकोणतीस गाड्यांच्या पुढे जाऊन थांबली.

"मागे कशाला ठेवलीय मग?" ते म्हणाले. "इथे असू दे. लोकांना दिसली पाहिजे." आणि नियमांचा कागद घडी करून खिशात घालत ते पुढच्या टेबलाकडे गेले.

बक्षीस एका नाणेवाल्याला मिळालं. पण दुपारी प्रेमा आणि तिचा नवरा नव्या कोऱ्या स्कूटरवरून थेट सभागृहात आले. प्रेमाने पदराआडून लाल डबलडेकर काढून क्षमाच्या हातात दिली, म्हणजे आता एकतीस झाल्या. क्षमा ती रांगेत लावत होती, तेवढ्यात कुणाचा तरी चिमुकला हात टॅक्सीकडे गेला.

"हात लावायचा नाही हं, बाळा," श्यामसुंदरांच्या आधी क्षमाच म्हणाली. "लांबून बघायचं. आमच्या गाड्या आहेत त्या."