सहा खोकी, एक लाल

औषधांच्या एका कंपनीची सहा औषधं सहा रंगांच्या खोक्यांतून विकली जायची. एका शिंप्याच्या, जाहिरातीच्या ऑफिसात काम करणाऱ्या थोरल्या मुलीने त्या सहाही खोक्यांना एकच लाल रंग चढवला. दुकानात पाऊल टाकताच फळीवर लाल भिंत दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं. साहेब खूश झाले, कंपनी तर हरखलीच, थोरलीला बढती मिळाली. तरी तिच्या जिवाला चैन नव्हतं. जाता-येता ती दुकानांत डोकवायची, आपला लाल कुठवर पोचला ते बघायला.

तो घरीच पोचला. एका दुपारी आईचा फोन आला, "अगं, बाबा मशीनवरच कलंडले!"

बाबा शिंपी. सत्तरी उलटली तरी रोज चार कपडे शिवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. थोरली धावतपळत पोचली तेव्हा डॉक्टर दंडाचा पट्टा गुंडाळत होते. "काल रात्रीपासून ब्लडप्रेशरची गोळी तीनदा घेतलीय यांनी. साखरेची एकदाही नाही. थोडक्यात निभावलं."

"तीनदा कशी घेतील?" आई रडवेली झाली. "हिरवं खोकं सकाळी, पिवळं जेवणानंतर. इतकी वर्षं कधी चुकले नाहीत. परवा दुकानदाराने दोन्ही लालच दिली."

उशाशी दोन्ही खोकी पडली होती. थोरलीने एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. मग उगाच खिडकी उघडली, लावली, पाणी आणायला गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"बस की जरा," बाबा म्हणाले. "काय येरझाऱ्या घालतेस?"

"बाबा, हा रंग मी दिलाय."

आईचा हात तोंडावर गेला. बाबांनी खोकं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"रंग झकास आहे," ते म्हणाले. "पण माप कोणाचं घेतलं होतंस?"

माप तिने फळीचं घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, वडिलांची चौकशी केली आणि म्हणाले, "नाव ठळक छापलंय ना? वाचायला काय होतं माणसाला?"

"चष्मा हाताशी नसला की नाव दिसत नाही, साहेब. रंग दिसतो."

"खप दीडपट झालाय. आता रंग बदला म्हणून कंपनीला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मी सांगते."

"तू काही सांगायचं नाहीस. हे काम आजपासून दुसऱ्याकडे."

थोरली जागेवर येऊन बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी तिने कंपनीला स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि धाडून दिलं. नोकरी गेली तर गेली. नोकरी गेली नाही, बढती मात्र काढून घेतली. महिन्याभराने कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं: नव्या छपाईत प्रत्येक खोक्याला वेगळ्या रंगाचा रुंद पट्टा येईल, तोवर छापलेला माल विकला जाईल.

तोवर! ते वाचून तिचा पाय ऑफिसात ठरेना. संध्याकाळी ती घराजवळच्या औषधांच्या दुकानात गेली. फळीवर लाल भिंत उभी होती, अगदी तिने काढली होती तशीच. समोर एक आजी दोन लाल खोकी पिशवीत टाकत होत्या.

"आजी, जरा थांबा. यातलं सकाळचं कुठलं?"

आजींनी एक पुढे केलं, मग दुसरं. "हे... नाही गं, हे असावं."

थोरलीने दुकानदाराला विचारून घेतलं, पेन काढलं आणि एका खोक्यावर मोठा सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्र.

"ताई, अशी किती खोकी रंगवणार तुम्ही?" दुकानदाराला हसू आलं.

"किती आहेत तुमच्याकडे?" थोरलीने विचारलं आणि पर्स काउंटरवर ठेवून पुढचं खोकं हातात घेतलं.