पूजेतली साखळी

बॉनेटवर ठेवलेला चहाचा ग्लास थरथरत कडेला गेला आणि सगळ्यांच्या देखत खाली पडून फुटला.

"चलो, बला टली," गयास म्हणाला आणि पायानंच काचा बाजूला सारू लागला.

पुंडलिक मिस्त्रीचं काचांकडे लक्ष नव्हतं. तो गाडीत बसलेल्या श्रेयाकडे बघत होता. सातवा महिना लागलेली पोर. दोन्ही हात पोटाखाली धरून बसली होती, आणि इंजिन गुरगुरत होतं तसे तिचे गालसुद्धा हलत होते.

"बंद कर," पुंडलिक म्हणाला.

ऋतुराजनं हसत चावी फिरवली. "काका, कसं वाटतंय? हलतंय का इंजिन? इंचभर नाय!"

"इंजिन नाय हलत रे बाबा. बाकी सगळं जग हलतंय."

फुलंब्रीच्या बागायतदाराचा हा एकुलता एक मुलगा. लांब नाकाची जुनी गाडी घेऊन त्यानं तिच्यात तिच्या दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं होतं. रोज त्याच गाडीनं शहरात यायचं, बायकोला, श्रेयाला, दवाखान्यात न्यायचं आणि दिवाळीनंतर तीच गाडी धावपट्टीवरच्या शर्यतीत उतरवायची, असा त्याचा बेत. पण इंजिन ज्या गट्टूंवर बसतं, ज्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात, ते कशाचे घालायचे यावर घोडं अडलं होतं. रबराचे घातले तर गाडी पाण्यावर चालल्यासारखी मऊ. पण जोरात रेस दिली की इंजिन डाव्या अंगानं उचलणार आणि रबर फाटणार. आज हौसेखातर सबंध लोखंडी गट्टू घालून पाहिले, तर इंजिन हलेना आणि माणसाची हाडं खिळखिळी होऊ लागली.

"लोखंडच राहू द्या," ऋतुराज म्हणाला. "शर्यतीत रबर टिकायचं नाय."

"शर्यत एक दिवसाची. ही पोर रोज बसणार." पुंडलिकनं श्रेयाला हात देऊन खाली उतरवलं. "रबरच घालू. अन् इंजिनाची डावी बाजू साखळीनं चासीला, गाडीच्या सांगाड्याला बांधू. दोन बोटं ढील ठेवायची. हललं तर हलू द्यायचं, उठू नाय द्यायचं."

"अन् उठलं तर?"

"रेसचा दांडा इंजिनाला जोडलेला असतोय. इंजिन वर आलं की तो आपोआप ओढला जातो. तू पाय काढशील, गाडी नाय ऐकायची. तसं झालंच तर ब्रेक अन् सरळ चावी बंद. ध्यानात ठेव."

"काका, तुम्ही लई भ्या दाखवता राव!"

"घाबरलेला माणूस घरी जातो बेटा," गयास म्हणाला. श्रेया हसली. शेवटी तिच्याकडे बघून ऋतुराजनं मान हलवली.

हर्सूलच्या रस्त्याला हे दोघांचं गॅरेज होतं. पुंडलिक आणि गयास उमेदवारीपासूनचे सोबती. एकाचा पाना दुसऱ्याच्या खिशात सापडायचा आणि एकाचा डबा दुसऱ्याच्या पोटात.

रबर आणि साखळी घालून गाडी गेली, ती नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी परत आली. तक्रार इंजिनाची नव्हती, साखळीची होती.

"आई म्हणते, ही वाजती," ऋतुराज ओशाळून म्हणाला. "गाडी दारात आली की कुणीतरी दाराची रिकामी कडी वाजवल्यागत वाटतं. घरात पोटुशी बाई, असला आवाज नको म्हणे."

पुंडलिकला ऋतुराजच्या आईचं, सरूबाईंचं म्हणणं पटलं. त्याच्या घरीही अपशकुन म्हणून रिकामी कडी कुणी वाजवत नसे. "सोडतो, अन् वर रबराची नळी चढवतो. मग मांजरीच्या पावलानं चालंल. गाडी राहू दे इथं."

साखळी सुटली. नळी काही त्या दिवशी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. नऊ दिवस पुंडलिकचा उपास, पायात वहाण नाही. सकाळी त्याची बायको चतुराबाई गॅरेजात आली. तिनं हत्यारं धुतली, पुसली, पाटावर लाल कापड घालून ओळीनं मांडली. गयास दरवर्षीप्रमाणे आपली पेटी स्वतः आणून तिच्यासमोर ठेवून गेला. "भाभी, मेरे पाने को भी हळद लगाव, साल भर फिसलता है." बाकावर पडलेली साखळी तिला दिसली. लोखंडच ते, तिनं तीही धुऊन हत्यारांच्या मधोमध गोल करून ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, नारळ फुटला.

दुपारी ऋतुराज श्रेयाला घेऊन दारात उभा. तिची तपासणी झाली होती, आणि घरी पूजेला गाडी हवी होती.

"आई ताट करून बसलीय काका. गाडीशिवाय कसली पूजा?"

पुंडलिकनं पाटाकडे बघितलं. "साखळी पूजेत गेली रे. उद्या उत्तरपूजा झाली की घालतो. आज रिक्षानं जा."

"सणाचं रिक्षानं? लोक हसतील! उचला की, दोन तर बोल्ट हायेत."

"आज हत्याराला हात नाय लावत."

गयास जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "मैं डाल देतूं. तू उधर मुंडी फिरा. गुनाह मेरे खाते में."

 पुंडलिकच्या डोळ्यांपुढे बापाचा हात आला. गावाकडे लोहाराची भट्टी होती, आणि एका नवमीला कुणाच्या तरी निकडीपायी बापानं पूजेतला घण उचलला होता. त्यानंतर तो हात जन्मभर अंगठ्याशिवाय राहिला.

"गयासभाई, माझ्या गाडीचं असतं तर तुला नाय म्हटलं नसतं," तो हळूच म्हणाला. "पण पूजेतनं उचललेलं लोखंड दोन जिवांच्या बाईखाली बांधू? आपल्या हातानं?"

गयासनं दाढी कुरवाळली आणि मागं सरला.

"मी सावकाश नेतो काका. शप्पथ," ऋतुराज म्हणाला. श्रेयानं जाता जाता पूजेला नमस्कार केला. चतुराबाईनं तिची ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं.

"रेस दाबू नको," पुंडलिक म्हणाला.

"नाय दाबत."

गाडी अगदी अलगद रस्त्याला लागली. रबरावरची गाडी, साखळीही नाही. कसला म्हणून आवाज नव्हता. पुंडलिक अनवाणी पायानं रस्त्यापर्यंत गेला आणि ती शांतता ऐकत उभा राहिला. दाराशी परत येऊन बसला, तर समोर पाटावर साखळी. वेटोळं घालून बसल्यासारखी. झेंडूचं एक फूल तिच्यावरून घरंगळून खाली पडलं. चतुराबाईनं ते उचलून परत ठेवलं. ते पुन्हा पडलं.

"फोन लाव त्याला," पुंडलिक म्हणाला.

गयासनं लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

फुलंब्रीच्या वाटेवर, चौका गावाच्या चढाला, पुढं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. त्याला मागं टाकायला ऋतुराजनं पाय दाबला, फक्त एकदा. मग पाय काढला. पुढचं श्रेयानं नंतर दवाखान्यात सांगितलं: "त्यांनी पाय काढला होता काका, मी बघितलं. गाडीच ऐकत नव्हती. चावीला हात घातला, तोवर वळण आलं." डाव्या हाताला दरी होती. त्यानं गाडी उजवीकडे, आपल्या अंगावर घेतली आणि लिंबाच्या झाडाला घातली.

श्रेया वाचली. पोटातलंही वाचलं.

पुंडलिकला कुणी बोल लावला नाही. सरूबाई तर उलट म्हणाल्या, "मीच म्हणलं व्हतं, वाजती म्हणून." हे ऐकून त्याला वाटलं, कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाड्या येत राहिल्या. पुंडलिक काम करत राहिला. बोलणं तेवढं कमी झालं. नवरात्रातले उपास मात्र त्यानं सोडले नाहीत.

पुन्हा खंडेनवमी आली. चतुराबाईनं पाटावर लाल कापड घातलं, हत्यारं धुऊन मांडली. पुंडलिकनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, हात जोडले. मग उठून त्यानं बाकाचा खण उघडला. आतली साखळी काढली. तिच्यावर आता काळ्या रबराची नळी चढवलेली होती. ती आणि एक पाना त्यानं पूजेपासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. ना हळद, ना कुंकू.

चतुराबाईनं बघितलं आणि पदर सारखा केला.

गयास आपली पेटी घेऊन आला. पाटाशी वाकला, तेवढ्यात त्याची नजर स्टुलाकडे गेली.  मग पेटीतून आपला एक पाना काढून त्यानं साखळीशेजारी ठेवला आणि उरलेली पेटी चतुराबाईच्या पुढे सरकवली.

"भाभी," तो म्हणाला, "बाकी सबको लगाव."