मागच्या खोलीतली ओल

शी! त्या मागच्या खोलीचं दार उघडलं की सून आधी नाकाला पदर लावायची. कुबट, आंबूस वास, चिकट फरशी आणि पलंगाखाली रोज नवं थारोळं. ती तोंड फिरवून फिनेल ओतायची, आणि सासरे पाय वर घेऊन बसून राहायचे. म्हातारपणी लघवीवरचा ताबा सुटतो, असं घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. डॉक्टरला विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

नवऱ्याने तर वृद्धाश्रमात जागाही ठरवून टाकली. रविवारी गाडी येणार होती. बाबांची बॅग भरून दाराशी ठेवलेली, आणि खोटं कशाला बोला, सुनेला सुटल्यासारखंच वाटत होतं.

शनिवारी पाण्याच्या मीटरचा आकडा घेणारा आला. फाटकाजवळच्या मीटरच्या खड्ड्याचं झाकण उचललं आणि त्याने एक शिवी हासडली. झुरळांचा नुसता बुजबुजाट, कुजलेला पाला, बुळबुळीत गाळ.

“माणसं राहतात का कोण इथे? आणि नळ बंद करा आधी!”

“सगळे बंदच आहेत,” सून म्हणाली.

“मग हे चक्र काय माझा बाप फिरवतोय?”

आकडा टिपून, हात झटकत तो चालता झाला.

नाक दाबून ती वाकली. मीटरच्या काचेखालचं इवलंसं लाल चक्र खरंच गरगर फिरत होतं. आत जाऊन तिने सगळे नळ पुन्हा आवळले, तरी ते आपलं चालूच. मग एकेका पाइपाची चावी बंद करून बघितली. स्वयंपाकघराची केली, काही फरक नाही. न्हाणीघराची केली, तरी तेच. शेवटी बाबांच्या खोलीच्या भिंतीतून जाणाऱ्या पाइपाची चावी आवळली आणि येऊन बघते तर चक्र ठप्प! उघडली की फिरे, बंद केली की थांबे.

तिने जाऊन पलंग ओढला. मागच्या भिंतीला बोट लावलं तर काळ्या लगद्यासारखं प्लास्टर हातात आलं, आत गंजून चिरलेला पाइप. गादीची खालची कड पार कुजली होती. वास त्या गादीचाच होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. “अहो, बाबा नव्हेत, पाइप! पाइप फुटलाय!”

“बरं, प्लंबरला सांगतो. पण उद्याचं आता ठरलंय ना. परत जागा कोण देणार? आज ना उद्या ही वेळ येणारच होती.”

झुरळं बघून आली नव्हती एवढी किळस तिला आली. “लाज वाटत नाही का हो जराशी?” म्हणत तिने फोन बंद केला. पण तोंडाची कडू चव जाईना. नवरा जे बोलला, ते कालपर्यंत तिलाही हवंच होतं.

ती बाहेरच्या खोलीत आली. सासरे दाराशी बॅगेजवळ बसले होते. “बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही. ती ओल तुमची नव्हतीच. भिंतीतला पाइप गळत होता.”

सासऱ्यांनी मान वर केली. “नक्की?”

“अगदी नक्की. चावी बंद केली, गळती थांबली.”

त्यांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. “मग आता पाणी प्यायलं तर चालेल ना गं? दुपारनंतर घोटभरही घेत नव्हतो. म्हटलं, तुलाच पुसावं लागतं.”

तिने ग्लास भरून दिला. एका दमात संपवून त्यांनी तो हळूच पुढे केला.

“अजून थोडं मिळेल?”