फिर्यादी दाराबाहेर

"साक्षीदारांनी आत बसायचं नाही. पुकारा झाला की यायचं," असं सरकारी वकिलांनी बजावलं होतं. म्हणून शिवणकाम करणाऱ्या काकू सकाळपासून कोर्टाच्या बंद दाराबाहेर बाकावर बसून होत्या. घरमालकाच्या मुलाने जिन्यावरून ढकललं, तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताला कात्री धरवत नव्हती. शिक्षा काय व्हायची ती होवो, पण त्याआधी एवढं न्यायाधीशांच्या कानावर घालायचंच, असं त्यांनी देवापुढे हात जोडून ठरवलं होतं.

शेजारी भावजय कंबर धरून बसली होती. "वन्सं, आरोपीला आत पंखा, आणि आपल्याला हे फळकूट!"

"हळू बोल गं."

"हळूच बोलतेय. मोठ्याने बोलले असते तर एव्हाना निकाल लागला असता."

दार उघडलं. घरमालकाचा मुलगा मोबाइल कानाला लावून बाहेर आला. "सुटलो! फक्त हमीपत्र भरायचंय." काकूंना पाहून क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "येतो काकू." जसा काही दुकानात निघालाय!

मागोमाग सरकारी वकील आले.

"त्याने किरकोळ मारहाण कबूल केली, काकू. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. साक्षीची गरजच उरली नाही. तुमचाही त्रास वाचला."

"पण मला कुणी विचारलंच नाही."

"तुम्ही साक्षीदार. खटला सरकारचा असतो."

"मग हात काय सरकारचा मोडला होता?" भावजय कडाडली.

काकू उठल्या आणि थेट आत शिरल्या. शिपाई आडवा आला, तरी थांबल्या नाहीत.

"साहेब, मी फिर्यादी. मी बाहेरच बसले होते."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. त्यांची नजर काकूंच्या मागून धावत आलेल्या वकिलांवर गेली. "बाहेर? तुम्ही तर म्हणालात, बाईंना सगळं सांगितलंय, त्यांची हरकत नाही."

काकूंचा कानांवर विश्वास बसेना. आपण दारापलीकडे गप्प बसलेलो, आणि आत आपल्या नावाने कुणी होकार दिला? वकील कागद चाळू लागले.

"आदेशावर अजून माझी सही नाही," न्यायाधीश म्हणाले. "आरोपीला परत बोलवा." शिपाई धावला. "बाई, तोवर तुम्ही बोला."

काकू साक्षीदाराच्या पिंजऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"नाही साहेब. तो येऊ दे. त्याच्यासमोरच बोलेन."